‘ऐकतच नाही’ म्हणण्याआधी

आमच्या घरात सकाळी सर्वांत आधी पाय वाजतात ते सर्वांत लहानीचे. घरात तिला सगळे ‘छोटी’ म्हणतात. वय दोन वर्षं चार महिने. फजरची नमाज आटोपून दादी तसबीह घेऊन बसलेली असते. छोटी अंधारातच भिंत चाचपत तिच्या मांडीपर्यंत पोहोचते आणि आधी तसबीह ताब्यात घेते. मग चहाचा बटर, मग भावाची एक चप्पल. दुसरी चप्पल सापडेपर्यंत त्याच्या शाळेची रिक्षा दारात वाजत असते.

आम्ही मिरजेत राहतो. घरात दादी, अब्बाजी, आम्ही दोघं, सात वर्षांचा थोरला आणि छोटी. तिची अम्मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, अब्बू कुपवाडच्या एमआयडीसीत नोकरीला. दिवसभर छोटी दादीपाशी. हा लेख आम्ही दोघांनी मिळून लिहिला आहे, रात्री ती झोपल्यावर, स्वयंपाकघरात बसून. म्हणून ‘आम्ही’. ज्या गोष्टीत चूक एकाचीच होती तिथे तसं लिहू.

ज्या घरात दोन वर्षांचं मूल आहे तिथल्या दिवसाचं वर्णन वेगळं करायला नको. भात जमिनीवर, दूध चादरीवर, टीव्हीचा रिमोट पिठाच्या डब्यात. संध्याकाळी अब्बाजी सजद्यात गेले की ही पाठीवर. अब्बाजी काही बोलत नाहीत, ती उतरेपर्यंत तसेच थांबतात. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या पाठीवर सजद्यात नातू चढला तेव्हा त्यांनी सजदा लांबवला होता आणि नात उमामा हिला खांद्यावर घेऊन त्यांनी नमाज पढली होती, हे हदीसमध्ये आलेलंच आहे. तरी मशिदीत एखादं पोर धावलं तर पहिल्या सफेतून किती भुवया चढतात, ते आम्ही पाहतो. असो, तो विषय वेगळा.

आमचा विषय आहे एक वाक्य. गेल्या वर्षी दिवसातून वीस वेळा आमच्या तोंडी होतं : ‘ही ऐकतच नाही.’

हाक मारली तरी वळायचं नाही. ‘सोड’ म्हटलं तरी सोडायचं नाही. मोबाइलवर गाणं लागलं की आवाज पूर्ण वाढवायचा, कमी केला की रडून घर डोक्यावर घ्यायचं. टीव्हीला नाक लावून उभं राहायचं. आम्ही याला हट्ट म्हणत होतो. या वयात हट्ट असतोच, थोरलाही असाच होता, हे खरं. त्यामुळे कुणाला शंका आली नाही.

एकदा दुपारी गल्लीत ती अम्मीचा हात सोडून पळाली. समोरून मोटारसायकल येत होती. अम्मी मागून ओरडली, ‘थांब!’ ती थांबली नाही. गाडीवाल्याने ब्रेक दाबला म्हणून निभावलं. घरी आल्यावर छोटीच्या पाठीत धपाटा बसला. ती रडली आणि का मारलं ते न कळल्यासारखी आमच्या तोंडाकडे पाहत राहिली. तो चेहरा आम्हाला पुढे फार दिवस पुरला.

दुसरी गोष्ट बोलण्याची. तेवीस महिन्यांची झाली तेव्हा तिच्याजवळ मोजून सहा शब्द होते, तेही घरच्यांनाच कळणारे. दोन वर्षांच्या आसपास बहुतेक मुलं दोन शब्द जोडायला लागतात : ‘पाणी दे’, ‘अब्बू आले’. हिचं सगळं बोटाने. हवं तिकडे बोट, नको तिथे मान. बोट कळायला आम्ही इतके तयार झालो होतो, की तिला बोलायची गरजच पडत नव्हती.

दादी म्हणाली, “इसका बाप बी देर से बोल्या था.” फुपी म्हणाली, आई नोकरीला जाते, मग पोरीशी बोलणार कोण? शेजारच्या काकूंचं मत, घरात तुमची दखनी, बाहेर मराठी, कुरआनची अरबी, एवढ्यात लेकरू गोंधळणारच. मामूंनी दोष मोबाइलला दिला. एकाने तावीज सुचवला. आणि हे सगळं कुणाला ऐकवलं जात होतं? अम्मीला. अब्बूला कुणी एका शब्दाने विचारलं नाही.

इथे एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. मुलाचं दूध कधी तोडायचं, ही तशी घरातली लहान बाब. पण कुरआनमध्ये (सूरह अल-बकरा) तीही आई-वडिलांनी परस्पर संमतीने आणि सल्लामसलतीने ठरवावी असं सांगितलं आहे. दोघांनी. आमच्याकडे दूध खरंच दोघांनी ठरवून तोडलं. मग मुलगी बोलत नाही याचा जाब एकटीलाच का? हा प्रश्न अब्बूला पडायला तीन महिने लागले, हेही इथे कबूल करायला हवं.

शंका पहिल्यांदा बोलून दाखवली ती आमच्या गल्लीतल्या अंगणवाडीच्या सेविकाबाईंनी. नोव्हेंबरमध्ये दादी छोटीला वजनाला घेऊन गेली होती. बाईंनी माता-बाल संरक्षण कार्ड उघडलं. या कार्डात लसी आणि वजनाच्या रेषेबरोबर मूल कोणत्या वयात काय करायला लागतं, तेही चित्रांसह छापलेलं असतं. आम्ही ते पान कधी वाचलंच नव्हतं. बाईंनी छोटीच्या मागे उभं राहून हळू आवाजात हाक मारली, मग आणखी एकदा. ती खेळण्यातच होती. बाई दादीला म्हणाल्या, “आजी, हिचे कान एकदा दाखवून घ्या.”

दादी रागावूनच घरी आली. आम्हीही मनावर घेतलं नाही, कारण जन्मल्यावर दवाखान्यात कानाची तपासणी झाली होती आणि कागदावर ‘पास’ लिहिलेलं होतं. तरी खात्री म्हणून अब्बूने घरीच परीक्षा घेतली. छोटी पाठमोरी बसली असताना स्टीलच्या थाळीवर उलथनं आपटलं. ती दचकून वळली. झालं! कुकरच्या शिटीलाही वळते, स्टेशनकडून गाडीचा भोंगा आला की ‘आग्गा’ म्हणून दाराकडे धावते. ऐकू येत नाही म्हणणारे वेडे, असं आम्ही ठरवून टाकलं. एका डॉक्टरांना विचारलं तर तेही म्हणाले, तीन वर्षांपर्यंत वाट पाहा, काही मुलं उशिरा बोलतात. आम्हाला हेच ऐकायचं होतं.

ही थाळीची परीक्षा कित्येक घरांत होत असेल, म्हणून सांगतो : तिच्यावर विसंबू नका. ऐकू येणं हे दिव्याच्या बटणासारखं नसतं, की चालू किंवा बंद. थाळी, शिटी, भोंगा हे सगळे मोठे आवाज. कान अर्धामुर्धा काम करत असला तरी ते पोहोचतात. बोलणं त्याच्या मानाने फार मऊ असतं, आणि त्यातही ‘स’, ‘फ’, ‘त’, ‘क’ यांसारखे आवाज आणखी हलके. असं मूल थाळीला वळतं, पण ‘साखर’ आणि ‘भाकर’ त्याला एकच वाटू शकतात. पाण्यात डोकं बुडवून बाहेरचं बोलणं ऐकल्यावर जसं वाटतं, साधारण तसं. आवाज येतो, शब्द येत नाही. आणि जो शब्द नीट येतच नाही, तो मूल परत म्हणणार कसा?

डिसेंबरभर छोटीला सर्दी होती. एक गेली की दुसरी. जानेवारीत शेवटी आम्ही कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही, तोटा होता तो आमच्या तयारीचा. डॉक्टरांनी कानात पाहिलं आणि पुढच्या तपासणीला पाठवलं. त्या तपासणीत सुई नाही, दुखणं नाही. कानाच्या तोंडाशी मऊ बोंडी लावतात, हवेचा दाब किंचित कमी-जास्त करतात आणि पडदा किती हलतो त्याचा आलेख कागदावर येतो. एका कानाला काही सेकंद लागतात. पडदा नीट हलत असेल तर आलेखाला डोंगरासारखा उंचवटा येतो. छोटीच्या दोन्ही कानांचा आलेख सपाट होता, सरळ रेषच. मग आवाज न येणाऱ्या खोलीत अम्मीच्या मांडीवर बसवून डावीकडून, उजवीकडून लहान-मोठे आवाज दिले आणि ती कोणत्या आवाजाला वळते ते टिपलं. (काही मुलं यात साथ देत नाहीत. त्यांची तपासणी झोपेत, डोक्याला तारा चिकटवून करता येते. तिला ‘बेरा’ म्हणतात.)

निष्कर्ष असा निघाला : दोन्ही कानांच्या पडद्यामागे पाणी साठलं आहे.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. पडद्यामागच्या पोकळीतून एक बारीक नळी घशाच्या मागच्या बाजूला येते, तिच्यातून कानात हवा खेळते. लहान मुलांत ही नळी आखूड आणि जवळजवळ आडवी असते. सर्दीने ती तुंबली की हवा जात नाही आणि पोकळीत चिकट पाणी जमतं. कान दुखत नाही, ताप नाही, कान वाहत नाही. म्हणून कुणाला पत्ताही लागत नाही. जन्मावेळची तपासणी खोटी नव्हती, तेव्हा कान चांगलेच होते. हे नंतरचं.

अम्मी तिथेच रडली. आजार मोठा होता म्हणून नव्हे, तो धपाटा आठवला म्हणून.

औषध काय, हा अब्बूचा पहिला प्रश्न. डॉक्टर म्हणाले, बहुतेक मुलांत हे पाणी तीनेक महिन्यांत आपोआप जातं. ते लवकर घालवणारं खात्रीचं औषध नाही, अँटिबायोटिकचा त्यासाठी उपयोग नाही. म्हणून आता थांबायचं, पण नुसतं थांबायचं नाही. तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं. तेव्हाही दोन्हीकडे पाणी राहिलं आणि ऐकू कमी येत असलं, तर लहानशा शस्त्रक्रियेने पडद्यात बारीक नळी बसवतात. ‘थांबा’ हे पहिल्या डॉक्टरांनीही सांगितलं होतं. पण कान तपासून, तारीख देऊन थांबणं आणि न तपासता थांबणं यात केवढं अंतर आहे, ते आम्हाला त्या दिवशी कळलं.

आणखी दोन गोष्टी त्यांनी विचारल्या आणि दोन्हींनी घरात वादळ झालं. कानात काही घालता का? दादी दर शुक्रवारी लसूण टाकून कोमट केलेलं तेल घालायची. घरात धूर होतो का? अब्बाजी रात्री जेवणानंतर आतल्या खोलीतच बिडी ओढायचे. विडी-सिगारेटच्या धुरात राहणाऱ्या मुलांना कानाचा हा त्रास जास्त होतो. तेल बंद करा म्हटल्यावर दादी दोन दिवस आमच्याशी बोलली नाही. “मेरे चार बच्चे इसी तेल पे बड़े हुए,” एवढंच म्हणाली. तिचं दुःख तेलाचं नव्हतं, आपल्या हातून नातीला काही झालं असेल या भीतीचं होतं. तेलामुळे पाणी झालेलं नाही, ते पडद्याच्या पलीकडे असतं, तेल तिथे पोहोचतच नाही, हे तिला डॉक्टरांच्याच तोंडून ऐकवावं लागलं. अब्बाजींनी वाद घातला नाही. अडुसष्टाव्या वर्षी बिडी सुटली, असं आम्ही लिहिलं तर ते खोटं होईल, पण घराच्या आत पुन्हा पेटली नाही. थंडीतही ते शाल पांघरून गल्लीच्या कोपऱ्यावर जात.

वाणी-उपचार करणाऱ्या बाईंकडे आम्ही गेलो तेव्हा पहिलाच प्रश्न भाषेचा विचारला. दखनी बंद करू का? शेजारच्या काकूंचं बोलणं मनात सलत होतं. बाई म्हणाल्या, मुळीच नको. दोन भाषांमुळे मूल उशिरा बोलत नाही. उलट दादीची भाषा बंद केली तर दिवसभर तिच्याशी जे बोलणं होतं तेच बंद पडेल. शब्द मोजताना सगळ्या भाषांतले मिळून मोजायचे. ‘पानी’ही धरायचा आणि ‘पाणी’ही. दखनी बोलणाऱ्या आणि मराठी लिहिणाऱ्या आमच्यासारख्या घरांना हा केवढा दिलासा आहे, ते वाचकांना सांगायला नको.

मग बाईंनी आमच्या बोलण्याचीच झडती घेतली. मूल अंगणात, आई स्वयंपाकघरात, मध्ये मिक्सर, टीव्ही आणि पंखा, अशी हाक मारू नका. जवळ जा, खाली बसा, तोंड तिला दिसू द्या, मग बोला. प्रश्नांचा मारा करू नका. ‘हे काय? ते काय?’ असं विचारत राहिल्याने मूल बोलत नाही. जे चाललंय त्याचं नाव घ्या : ‘भात गरम आहे.’ ‘भाई आला.’ ती ‘पा’ म्हणाली तर ‘पाणी हवं’ म्हणा, आणि मग मनातल्या मनात पाच मोजा, तिला वेळ द्या. हे पाच मोजणं आम्हाला सर्वांत जड गेलं. घाईत असलेल्या घरात पाच सेकंद गप्प राहून पाहा म्हणजे कळेल.

मोबाइलबद्दल मामू पूर्ण बरोबर नव्हते, पण पूर्ण चूकही नव्हते. पाणी मोबाइलने साठत नाही. मात्र जेवताना हातात मोबाइल दिला की तेवढा वेळ घरातलं कुणीही तिच्याशी बोलत नव्हतं, हे खरं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या सूचनांप्रमाणे एक वर्षाच्या मुलाला पडदा अजिबात नको आणि दोन ते चार वर्षांत दिवसाला एका तासापेक्षा जास्त नको, कमी तितकं चांगलं. आमचा हिशेब काढला तर तीन तास भरले. एकदम बंद केला तेव्हाचे पहिले चार दिवस आम्ही कुणावर येऊ नयेत अशी दुआ करतो. पाचव्या दिवशी ती दादीबरोबर पालकाच्या काड्या मोडायला बसली.

तीन महिन्यांच्या मुदतीत रमजान आला. आमची धास्ती होती की सहरीच्या भांड्यांनी ही उठेल आणि सगळी घडी विस्कटेल. उठलीच. पण तो महिना तिच्या बोलण्याला फार मानवला. सहरीला घर शांत असतं. टीव्ही नाही, रस्त्यावर गाड्या नाहीत, सगळे एका दस्तरखानाभोवती बसलेले आणि एकमेकांकडे तोंड करून बोलणारे. बाईंनी सांगितलेलं सगळं तिथे आयतं होतं. ‘खजूर’चा ‘जूर’ तिथेच आला. इफ्तारला थोरला खजुराची बी काढून लहान तुकडा करायचा आणि ती ‘जूर’ म्हणेपर्यंत हात वर धरायचा. अम्मीला ही दादागिरी वाटायची, बाईंना मात्र ती पसंत पडली.

याच दिवसांत आमच्या जिल्ह्यात घरोघर द्राक्षं असतात, म्हणून ओघात एक सांगून ठेवतो. या वयाच्या मुलाला अख्खं द्राक्ष देऊ नका, ते घशात बरोबर बसतं. उभे चार तुकडे करा. शेंगदाणे आणि फुटाणे तर नकोच. तरावीहला जायच्या घाईत कुणीतरी तिच्या मुठीत दाणे दिले होते. नशीब, दादीचं लक्ष होतं.

खर्चाचंही लिहायला हवं, कारण अनेक घरं तिथेच अडतात. आम्ही खासगीत गेलो आणि पैसे भरले. नंतर सेविकाबाईंकडून कळलं की राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम नावाची सरकारी योजना 2013 पासून चालू आहे. तिचं डॉक्टरांचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी मोफत करतं. जन्मजात दोष, कमतरतेचे विकार, आजार आणि वाढीतला उशीर, सगळं त्यात पाहतात. ऐकण्या-बोलण्याची शंका असली तर पुढच्या तपासणीला पाठवतात. पथक कधी येणार ते सेविकेला माहीत असतं. आमच्या गल्लीतल्या किती जणी आपली मुलं त्या दिवशी घरीच ठेवतात, ते आम्ही आता पाहतो, कारण पूर्वी आम्हीही ठेवत होतो. नोव्हेंबरात ज्या बाईंवर आम्ही रागावलो, त्यांच्याकडे ईदला शीरखुर्म्याचा डबा घेऊन दादी स्वतः गेली.

एप्रिलमध्ये दुसरी तपासणी झाली. डाव्या कानाच्या आलेखाला उंचवटा आला आहे. उजवा अजून सपाटच. एक कान मोकळा झाल्याने ऐकणं बरंच सुधारलं, म्हणून डॉक्टरांनी नळीचा विचार पुढे ढकलला आणि जुलैची तारीख दिली. पावसाळ्यात सर्दी पुन्हा गाठते की काय, ही काळजी आहेच. दादी आता तेलाऐवजी तिचं नाक पुसत मागे फिरते.

बाईंनी शब्दांची यादी ठेवायला सांगितली आहे. ती स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेली आहे. काल रात्रीपर्यंत अडतीस झाले. ‘हौ’ धरायचा की नाही यावरून वाद आहे. अब्बूचं म्हणणं, तो हुंकार आहे. दादीचं म्हणणं, आमच्या भाषेत तो पूर्ण शब्द आहे, आणि तिने तो स्वतः पेन्सिल घेऊन लिहिला. जोडलेले शब्द तीन : ‘भाई चल’, ‘जूर दे’ आणि ‘बिडी नै’. तिसरा कोणी शिकवला ते कळलेलं नाही. अब्बाजींचा संशय थोरल्यावर आहे.

परवा त्याच गल्लीत ती पुन्हा हात सोडून पळाली. रस्ता मोकळा होता. अम्मीने मागून हाक मारली, नेहमीच्या आवाजात. छोटी थांबली, वळून पाहिलं, ‘नै’ म्हणाली आणि परत पळाली.